डिझेल इंजिन बदलताना पंखा शेवटी निवडा: रेडिएटर, काऊल आणि फॅन जुळवण्याचा क्रम

इंजिन बदललं, गाडी सुरू झाली, गावात दोन फेऱ्या मारल्या, तापमानाचा काटा जागेवर राहिला. आठवड्याने पाच माणसं आणि सामान घेऊन गोव्याहून परत येताना चोर्ल्याचा घाट लागतो, दुसऱ्या गिअरवर चढ सुरू होतो आणि अर्ध्या वाटेत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: "मालक, मोठा पंखा टाकू." मोठा पंखा पडतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात जुन्या जीप, कमांडर, ट्रॅक्स अजून रोजच्या कामावर आहेत आणि त्यांच्यात दुसरं डिझेल इंजिन बसवणं नेहमीचं आहे. बसवणारे हात चांगले आहेत. चुकतो तो क्रम. पंखा सगळ्यात आधी विकत घेतला जातो, मग त्याला जागा शोधली जाते, आणि काऊल, म्हणजे पंख्याभोवतीचं कव्हर, "नंतर बघू" म्हणून राहून जातं. ते नंतर कधीच येत नाही. योग्य क्रम असा: इंजिन जागेवर, मग रेडिएटर, मग मोजमाप, मग पंखा आणि काऊल एकत्र, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी घाट.

कागदांचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही. इंजिन उचलण्याआधी तुमच्या आरटीओत (बेळगाव केए-२२, चिकोडी केए-२३, गोकाक केए-४९) परवानगीचं विचारा, इंजिनाचं बिल जपून ठेवा, नवा नंबर आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

## तयारी: काय हाताशी हवं

भंगारातून इंजिन घेत असाल तर त्याच वेळी पंखा, फॅन हब, स्पेसर, पुली, बोल्ट आणि मूळ काऊल मागून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असो की आपल्या उद्यमबागेत, नुसतं इंजिन घेऊन आलात तर हे तुकडे नंतर जुळवताना जीव जातो. ज्या गाडीतून इंजिन आलं तिच्यात पंखा कोणत्या प्रकारचा होता, डायनामो (अल्टरनेटर) किती अँपियरचा होता आणि रेडिएटर किती मोठा होता, हे वहीत लिहून ठेवा. कंपनीने त्या इंजिनाची उष्णता मोजूनच ती जोडी लावलेली असते, तेव्हा निवडीची सुरुवात तिथूनच करायची.

हत्यारांमध्ये नेहमीच्या पान्यांशिवाय मोजपट्टी, पुठ्ठा, थर्माकोलचे तुकडे, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. शेवटच्या दोन वस्तू उसन्या मिळाल्या तरी चालतील, पण त्यांच्याशिवाय चाचणी करू नका. अंदाजावर सोडलेली हीटिंगची तक्रार हेड गॅस्केटवर जाऊन थांबते.

नवीन घ्यायचंच असं: दोन्ही होज पाइप, क्लिप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), रेडिएटरचं झाकण, फॅन बेल्ट. इथे जुनं वापरून पैसे वाचत नाहीत.

इशारा: पंख्याजवळ काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. इंजिन रेस करताना कुणालाही पंख्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला, उभं राहू देऊ नका. तुटलेलं पातं बाजूलाच उडतं. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा.

## पायरी १: इंजिन कायमच्या जागी बसवा

इंजिन टेकूवर उभं असताना घेतलेलं माप खोटं असतं. नवी फाउंडेशन रबरं घाला, गिअरबॉक्स जोडा, क्रॉस मेंबर पक्का करा, इंजिनात तेल भरा, आणि त्यानंतरच पंखा-रेडिएटरचं अंतर मोजा. वजन पडल्यावर रबर बसतं आणि इंजिन काही मिलिमीटर खाली येतं, म्हणून दोन दिवस तसंच ठेवून पुन्हा मोजा.

हे मी भोगलेलं आहे. जुनीच रबरं ठेवून मी जीपमध्ये पंखा आणि जाळी, म्हणजे रेडिएटरचा नळ्या आणि फिनचा भाग, यांच्यामध्ये एक बोट अंतर सोडलं होतं. उभ्या गाडीत ते पुरेसं दिसायचं. जुलैत जांबोटीच्या रस्त्यावर खड्डा चुकवायला जोरात ब्रेक दाबला, इंजिन पुढे झुकलं आणि पात्याने रेडिएटरच्या तीन नळ्या कापल्या. लाल चिखलावर हिरवं कूलंट पसरलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. रेडिएटर चॅसीला घट्ट असतो, इंजिन रबरावर डोलत असतं. पुढचं सगळं मोजमाप या एका गोष्टीसाठी आहे.

## पायरी २: रेडिएटर ठरवा

पंखा उष्णता काढत नाही, रेडिएटर काढतो. पंखा त्याला फक्त हवा पुरवतो. म्हणून रेडिएटर लहान असेल तर कोणताही पंखा त्याला वाचवत नाही.

एक ढोबळ हिशोब करून बघा. समजा इंजिन ७० एचपीचं आहे, म्हणजे सुमारे ५२ किलोवॅट. डिझेल इंजिन पूर्ण जोर लावत असताना पाण्यात जाणारी उष्णता शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० ते ८० टक्के धरतात. मधला आकडा घेतला तर ३६ किलोवॅट, म्हणजे दोन-दोन किलोवॅटचे अठरा गिझर एकाच वेळी सुरू. ही उष्णता नेताना जाळीतून जाणारी हवा ३० अंशांनी तापते असं धरलं, तर सेकंदाला साधारण १.२ किलो हवा लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथे उन्हाळ्यातल्या ४० अंशांना एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०३ किलो भरतं. हिशोब बसतो मिनिटाला जवळपास अडीच हजार घनफुटांवर, म्हणजे २,५०० सीएफएम.

हा आकडा लक्षात ठेवा, पायरी ४ मध्ये लागेल.

उंचीचा दुसरा परिणाम पाण्यावर. ७५० मीटरवर उघडं पाणी ९७ ते ९८ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर उकळबिंदू त्याच्यावर आणखी वीसेक अंश चढतो. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर तुमच्याकडे ते वीस अंश नाहीत. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूवर अख्खं इंजिन टांगलेलं असतं, म्हणून झाकण नवीनच घ्या आणि दाबाचा आकडा मूळ इंजिनाच्या गाडीप्रमाणेच ठेवा.

जुना तांबे-पितळेचा रेडिएटर वापरणार असाल तर टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. नुसतं पाण्याने धुऊन नळ्यांमधला क्षार जात नाही, आणि बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत तो असतोच. इंजिन टर्बोचं असेल आणि इंटरकूलर किंवा एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येणार असेल, तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. अशा वेळी मूळ गाडीच्या मापापेक्षा लहान रेडिएटर घेऊच नका.

तपासा: मोकळ्या रेडिएटरच्या वरच्या तोंडातून बादलीने पाणी ओता. खालच्या तोंडातून तितक्याच जोरात यायला हवं. वर तुंबून भरत असेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३: चार मापं घ्या

पुठ्ठ्यावर जाळीचं खऱ्या मापाचं चित्र काढा आणि त्यावर या चार गोष्टी लिहा.

१. जाळीची रुंदी आणि उंची. टाक्या सोडून, फक्त जाळीचा भाग.

२. वॉटर पंपाच्या फ्लँजपासून (जिथे पंखा बोल्टने बसतो ती चकती) जाळीपर्यंतचं अंतर.

३. पंपाचा मध्य जाळीच्या मध्यापासून किती खाली, किती बाजूला. जीपमध्ये दुसरं इंजिन बसवताना ते बरेचदा खाली बसतं आणि पंख्याचा खालचा भाग जाळीच्या बाहेर हवा ढवळत राहतो.

४. समोरून बघताना पंप कोणत्या दिशेने फिरतो.

चौथं माप सगळे सोडतात. बेल्टच्या आतल्या बाजूने फिरणारा पंप क्रँकच्याच दिशेने फिरतो. पण रुंद रिब बेल्टच्या काही इंजिनांत पंप बेल्टच्या पाठीवर चालतो, म्हणजे उलटा. त्या इंजिनाला सरळ फिरणाऱ्या इंजिनाचा पंखा लावला तर तो हवा पुढे ढकलतो. आणि "मग पातं उलटं करून लावू" हा उपाय चालत नाही. फिरण्याची दिशा तीच असताना पंखा पालथा केला तरी हवेची दिशा बदलत नाही, फक्त पात्याचा बाक चुकीच्या बाजूला येतो आणि हवा आणखी कमी होते. त्या दिशेसाठी बनलेलाच पंखा लागतो.

## पायरी ४: पंख्याचा प्रकार ठरवा

आता निवड. तीन प्रकार आपल्याकडे सहज मिळतात.

पंपावरचा कायम फिरणारा पंखा. साधा, स्वस्त, वायर नाही, सेन्सर नाही. इंजिन फिरतं तोवर तो फिरतो. दोष दोन: आयडलला हळू फिरतो, आणि हायवेवर गरज नसताना ताकद खातो. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणून लहान पुली लावून पंखा २० टक्के जास्त फिरवलात तर हवा २० टक्केच वाढते, ताकद मात्र ७३ टक्के जास्त लागते. बेल्ट घसरतो, पंपाचं बेअरिंग जातं, पात्याला चीर पडते. पुलीशी खेळू नका.

व्हिस्कस फॅन. हबमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि पुढे द्विधातूची पट्टी किंवा गुंडाळी. जाळीतून येणारी हवा तापली की ती वळते, तेल आत सोडते आणि पंखा पकडतो. हवा थंड असली की घसरत राहतो. घाट आणि हायवे दोन्ही करणाऱ्या गाडीला माझ्या मते हा सगळ्यात उत्तम, पण त्याला जागा जास्त लागते आणि तो जड असतो. हलक्या प्लास्टिकच्या पंख्यासाठी बनलेल्या वॉटर पंपावर व्हिस्कस हब टांगला तर काही महिन्यांत पंपाचं बेअरिंग बोलायला लागतं. त्या इंजिनाला कंपनीने कुठल्या तरी मॉडेलमध्ये व्हिस्कस दिला असेल तरच लावा.

जुना व्हिस्कस घेताना: इंजिन थंड आणि बंद असताना पातं हाताने झटकून फिरवा. थोडा चिकट अडथळा जाणवला पाहिजे. सायकलच्या चाकासारखा गरगर फिरत राहिला किंवा हबच्या सीलभोवती तेलकट धूळ दिसली तर घेऊ नका. आडवा टाकून ठेवलेला असेल तर तेल गळलेलं असू शकतं, घरीही तो उभाच ठेवा.

इलेक्ट्रिक फॅन. सगळ्यांना हाच हवा असतो. कुठेही बसतो, इंजिन खाली-वर असलं तरी अडत नाही, आयडलला पूर्ण वेगाने फिरतो, पाण्यात उतरताना बंद करता येतो. पण आधी डायनामो बघा.

हिशोब मांडू. पावसातली रात्र, घाट, समोर धुकं. डिपरवर दोन हेडलाइट मिळून ८-९ अँपियर. वायपर ४-५. टेललाइट, मीटरचे दिवे ३. काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर ६. सेल्फ मारल्यावर बॅटरी भरतेय, तिचे ५ ते १०. हे झाले साधारण तीस. ताकदीचा एक १६ इंची फॅन २० ते ३० अँपियर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बेरीज पन्नासच्या वर. जुन्या डिझेलवर ३५-४५ अँपियरचा डायनामो असतो आणि आयडलला तो तेवढेही देत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं, दिवे पिवळे पडतात, फॅन मंदावतो, आणि काटा चढतो तो नेमका गाडी हळू असताना. इलेक्ट्रिक फॅन लावायचा तर ७५ अँपियर किंवा वरचा डायनामो त्याच खर्चात धरा. तेवढं बजेट नसेल तर हा पर्याय सोडा.

दुसरी फसगत खोक्यावरच्या आकड्याची. तो सीएफएम मोकळ्या हवेतला असतो. समोर जाळी आणि तिच्या पुढे कंडेन्सर आला की प्रत्यक्ष हवा बरीच कमी होते. वरच्या हिशोबात आपल्याला अडीच हजार हवे होते, ते जाळीतून. म्हणजे खोक्यावर २,५०० लिहिलेला एक फॅन पुरेसा नाही. चढावर गाडी पुढे जात असल्याची हवा थोडी मदत करते, पण वीस-पंचवीसच्या वेगाला तिच्यावर भिस्त ठेवू नका.

माझा निवाडा सांगतो. टर्बो नसलेलं, दोन-अडीच लिटरचं डिझेल, जीप किंवा ट्रॅक्समध्ये, ओझं आणि घाट नेहमीचे: पंपावरचा पंखा आणि नीट बनवलेला काऊल. जागा आणि पंप परवानगी देत असेल तर व्हिस्कस. पंप जाळीच्या मध्यापासून फार खाली किंवा बाजूला असेल, किंवा पंपासमोर पंख्याला जागाच उरली नसेल, तर इलेक्ट्रिक, आणि तोही इंजिनाच्या बाजूने हवा ओढणारा. जाळीच्या पुढून ढकलणारा फॅन स्वतःच जाळी झाकतो, तो एसीला मदत म्हणून ठीक आहे, एकट्यावर गाडी सोडू नका. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेलं कॉमन रेल इंजिन असेल तर फॅनचा रिले, म्हणजे लहान करंटवर मोठा करंट सुरू-बंद करणारा स्विच, ईसीयूच चालवतो. त्याची मूळ वायर कापू नका.

इशारा: पंखा मोठा पडतोय म्हणून पाती कापू नका. तोल बिघडतो, आणि प्लास्टिकचं पातं कापल्या जागेवरून चिरत जातं. लहान मापाचा पंखा शोधा.

## पायरी ५: काऊल बनवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

चौकोनी जाळीसमोर गोल पंखा ठेवला की तो जास्तीत जास्त ७८ टक्के भाग झाकतो, तेही पंख्याचा व्यास जाळीच्या पूर्ण रुंदीएवढा असेल तर. चारही कोपरे मेलेले. शिवाय काऊल नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी पात्याच्या टोकांवरून इंजिनाकडचीच गरम हवा फिरवत बसतो. काऊल बसवला की ओढ सगळ्या जाळीवर पसरते. "मोठा पंखा टाकूनही फरक नाही" म्हणणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं की आधी इथे बघा.

पत्र्याचं काम येणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये काऊल होतो. उद्यमबागेत पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गेलात तर समजावून सांगायची गरज पडत नाही. मापं अशी द्या:

पात्याचं टोक आणि काऊलची कड यांच्यात सगळीकडून ४ ते ६ सूत, म्हणजे १२ ते २० मिलिमीटर. रबरं मऊ असतील तर वरच्या आकड्याकडे राहा. त्यापेक्षा जास्त सोडलंत तर हवा तिथून परत फिरते.

पात्याची साधारण अर्धी जाडी काऊलच्या आत, अर्धी बाहेर. पूर्ण आत गेलेला पंखा हवा बाहेर टाकू शकत नाही, पूर्ण बाहेर असलेला ओढू शकत नाही.

पातं आणि जाळी यांच्यात निदान एक इंच, जमलं तर दीड-दोन इंच. जाळीला चिकटून फिरणारा पंखा कोपऱ्यांतून हवा आणत नाही.

काऊल जाळीच्या चारही कडांना टेकलेला हवा, मध्ये फोमची पट्टी. आणि रेडिएटरच्या बाजूच्या, खालच्या फटीही पत्र्याने किंवा रबराने बंद करा, नाहीतर मागची गरम हवा पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरते.

पंप खाली असेल तर काऊलचं भोक खाली घ्या, पण वरचा भाग उताराने जाळीकडे न्या. सपाट पत्रा जाळीला चिकटवून ठेवला तर तो वरचा अर्धा रेडिएटर बंद करतो. इलेक्ट्रिक फॅनच्या काऊलमध्ये मोकळ्या पत्र्यावर रबरी झडपा ठेवा, हायवेच्या वेगात हवा त्यांतून निघून जाते.

तपासा: काऊलच्या आतल्या कडेला चार ठिकाणी थर्माकोलचे तुकडे चिकटवा, पात्यापासून जेमतेम २ मिमी सोडून. गाडी खड्ड्यांतून न्या, चढावर अर्धा क्लच सोडून उचला, जोरात ब्रेक मारा. मग बॉनेट उघडून बघा कुठला तुकडा किती घासलाय. इंजिन किती आणि कुठे डोलतं ते लिहून दाखवल्यासारखं समजतं. कडेचं अंतर त्यावरून कमी-जास्त करा आणि तुकडे काढून टाका.

## पायरी ६: बसवणी आणि वायरिंग

पंपावरच्या पंख्याला ८.८ ग्रेडचे बोल्ट, स्प्रिंग वॉशर, आणि सगळे सारख्या ताकदीने, आमनेसामने क्रमाने कसायचे. स्पेसर लागला तर घाला, पण पंखा जाळीजवळ न्यायला लांबलचक स्पेसर लावू नका. पंपाच्या बेअरिंगवर वजनाचा दांडा वाढतो. त्याऐवजी रेडिएटर मागे घ्या. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबायला हवा.

इलेक्ट्रिक फॅनला जाळीतून आरपार प्लास्टिकच्या टायने बांधण्याची पद्धत फार वाढली आहे. करू नका. फॅन थरथरतो, टाय फिन कापत नळीपर्यंत जातो. फॅन काऊलला आणि काऊल रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना.

वायरिंगचा क्रम: बॅटरी, तिच्यापासून वीतभर अंतरात फ्यूज, मग रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून फॅन. ८५ आणि ८६ पैकी एकाला चावीवरचा करंट, दुसरी थर्मो स्विचमधून बॉडीला. फॅनची वायर ६ चौरस मिमीची घ्या. २५ अँपियरच्या फॅनला अडीच चौरसची वायर जाऊन-येऊन सहा मीटर टाकली, तर वायरमध्येच एक व्होल्टच्या आसपास जातो आणि फॅन तेवढा मंद फिरतो. अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची, रंग खरवडलेल्या जागेवर.

थर्मो स्विचचा आकडा थर्मोस्टॅटवर अवलंबून. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडायला लागून पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडत असेल, तर इंजिनाच्या बाजूचा स्विच ९५ च्या आसपास सुरू आणि ८८-९० ला बंद होणारा हवा. तोच स्विच खालच्या टाकीत बसवला तर तिथे पाणी आधीच थंड झालेलं असतं, तिथे ८८-९० ला सुरू होणारा घ्या. ८० अंशांचा घेतला तर फॅन कधी बंदच होत नाही. डॅशबोर्डवर हाताने सुरू-बंद करायचं बटणही द्या.

तपासा: फॅन सुरू करून जुन्या पेपरचं पान समोरच्या ग्रिलवर धरा. चिकटून राहिलं पाहिजे. खानापुरात एका ओळखीच्या ट्रॅक्सचं हेड दोनदा उतरवलं गेलं होतं, कारण फॅनच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या आणि तो हवा पुढे फेकत होता. फॅन फिरतोय एवढंच सगळ्यांनी बघितलं. पेपर लावला तो रस्त्यावर जाऊन पडला.

## पायरी ७: पाणी भरा, हवा काढा

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, कूलंटच्या डब्यावर दिलेल्या प्रमाणात. बोअरचं पाणी नको. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटरचा कॉक उघडा, झाकण काढून थंड इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे जाऊ द्या, पातळी भरा, झाकण लावा.

इशारा: एकदा तापल्यावर झाकणाला हात लावायचा नाही, फडकं घेऊनसुद्धा नाही. निदान अर्धा तास थांबा.

## पायरी ८: चाचणी, घाटाच्या आधी

पहिली चाचणी दारात. दुपारी, बॉनेट बंद, अर्धा तास आयडल, एसी असेल तर सुरू. काटा एका जागी थांबला पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान बघा. मग जाळीवर नऊ ठिकाणी मोजा. एखादा कोपरा एकदम थंड असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत, तो पंख्याचा दोष नाही. चकचकीत धातूवर आकडा चुकतो, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप लावा.

इलेक्ट्रिक फॅन असेल तर दिवे, वायपर, ब्लोअर, फॅन सगळं सुरू करून आयडलला बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३ च्या खाली उतरत राहिलं तर डायनामो कमी पडतोय.

दुसरी चाचणी सपाट रस्त्यावर, हायवेवर संकेश्वरपर्यंत जाऊन या. तिसरी चढावर, आधी रिकामी, मग ओझं घेऊन. चोर्ला आणि अनमोड गोव्याकडून, आंबोली सावंतवाडीकडून चढायचे. त्याआधी जवळचा लहान चढ करा.

काटा कधी चढतो त्यावरून दोष ओळखा:

थांबल्यावर किंवा हळू चढावर तापते, हायवेवर उतरते: हवा कमी. काऊल, दिशा, बेल्ट, व्होल्टेज.

हायवेवर तापते, गावात ठीक: हवा भरपूर आहे, पाणी किंवा जाळी कमी पडतेय. रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अर्धवट, किंवा खालचा होज ओढीने चपटा होतोय. पंखा बदलून काही होणार नाही.

थंड सुरू करताच होज दगडासारखे कडक, टाकीत बुडबुडे: हेड गॅस्केट. गाडी बंद करा.

घाटात काटा चढायला लागला तर गाडी बाजूला घ्या, एसी बंद, हीटर पूर्ण सुरू, आयडल थोडं वर ठेवून दोन-तीन मिनिटं चालू द्या. पाणी गेलेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद करा.

## पायरी ९: पाऊस आणि ऊस

कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात ओढ्यावरून पाणी वाहतं. पाण्यात उतरताना पंपावरच्या प्लास्टिक पंख्याची पाती पाणी कापताना पुढे वाकतात आणि जाळीला लागतात. पंख्याच्या मध्यापर्यंत पाणी येणार असेल तर उतरू नका. त्याहून कमी असेल तर पहिला गिअर, कमी रेस, न थांबता. इलेक्ट्रिक फॅन उतरण्याआधी बटणाने बंद, बाहेर आल्यावर पुन्हा सुरू. पाण्यात फिरवलेला फॅन मोटर किंवा फ्यूज जाळतो.

पाऊस संपला की ऊस. गळिताच्या हंगामात ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो, निपाणीकडे तंबाखूची धूळ. वरून जाळी स्वच्छ दिसते, कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये असतो. टॉर्च लावून त्या फटीत बघा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो, आणि दाब कमी ठेवा, प्रेशर गनने फिन आडव्या पडतात.

बसवल्यानंतर पहिल्या पाचशे किलोमीटरला पंख्याचे बोल्ट पुन्हा कसा, बेल्ट ओढून घ्या, काऊलची कड सगळीकडून बोटाने चाचपा. कुठे चकाकी दिसली, तर पातं तिथे लागतंय.